त्या वर्षावासातली चव

नातीने ग्लास पुढे केला आणि मी आधी वास घेतला. तिथेच चुकलं. ज्या बाईने जन्मात दारूला हात लावला नाही, ती ग्लास समोर आला की तोंड फिरवते, पदर नाकाला लावते. मी ग्लास तिरपा केला, उजेडाकडे धरला, वास घेतला, एक घोट जिभेवर ठेवला, मागच्या बाजूपर्यंत फिरवला आणि बाजूच्या गवतात थुंकून टाकला. माझ्या हातांनी हे सगळं मला न विचारता केलं.

"आंबट होऊन राहिलं हे," मी म्हटलं. "थोडंसंच. भांडं नीट धुतलं नव्हतं का?"

मैत्री माझ्याकडे बघत राहिली. मैत्री म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. नागपूरला वाढली, खाण्यापिण्याच्या वस्तूंचं शास्त्र शिकली आणि नोकरी धरली ती इथे, भिलाईजवळ, रसमड्याच्या कारखान्यांच्या पुढे एका शेतात. तिथे एक पत्र्याची शेड आहे. आत माणसाच्या दुप्पट उंचीच्या स्टीलच्या चार टाक्या आणि जवाची पोती. त्या टाक्यांत बिअर बनते. लायसन्स भिंतीवर फ्रेम करून लावलेलं आहे, आमच्या घरी नोकरीवरच्या सत्काराचा फोटो लावतात तसं.

"आजी, सुबह से चार लोग चखून गेले. किसी ने नहीं पकड़ा." मग आवाज खाली घेऊन, "तू कब से?"

"कब से काय?"

"पीती है."

"थोबाडीत खाशील."

ती हसली. मी नाही हसले. मी त्या ग्लासाकडे बघत होते. रंग गव्हाच्या काडीचा. वर पातळसा फेस, बोटाने सारला तर सरेल असा. "सबसे हलकी यही है," असं ती म्हणाली होती, आणि ते खरं होतं. आधी भाताच्या पेजेसारखं लागलं, कारण जवाबरोबर इथलाच तांदूळही घालतात. मग संत्र्याच्या सालीचा कडूपणा. मग पावाच्या भट्टीजवळून गेल्यावर येतो तसा वास, तो जिभेपेक्षा नाकातच जास्त. आणि अगदी शेवटी, जिभेच्या मुळाशी, तो आंबटपणा. असू नये तो.

शेतात धानाच्या रोवणीला पाणी भरलं होतं. बाया ओळीने वाकलेल्या होत्या, पाठीवर प्लास्टिकच्या खोळी. त्यांच्या मागे कारखान्यांच्या चिमण्या. पाऊस आता येतो की मग येतो, असा अडून बसलेला. आषाढी पौर्णिमा चार दिवसांवर होती.

आषाढी पौर्णिमेला आमच्या विहारात वर्षावास बसतो. तीन महिने, आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन. पांढऱ्या साड्या नेसून बाया सतरंजीवर बसतात. मी चौथीपर्यंत शिकले, पण अडखळत नाही, म्हणून वीस-बावीस वर्षांपासून पुस्तक माझ्याकडे आहे. मला त्या तीन महिन्यांचा वास पाठ आहे. दाराशी ओल्या छत्र्या. ओल्या सतरंजीचा कुबट वास आणि त्यावर अगरबत्तीचा. ट्यूबलाइटवर झेपावणारी पाखरं पुस्तकाच्या पानावर पडतात, ती फुंकून ओळ वाचायची. जोराची सर आली की वरचे सिमेंटचे पत्रे असे वाजतात की वाचणारीला थांबावं लागतं. मग सगळ्या जणी गप्प बसून पाऊस ऐकतात. कोणाची तरी डुलकी लागते. कोणी तरी शेजारणीला भाजीचं विचारते.

भिलाईचा पाऊस लाल असतो, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. आठ महिने स्टील प्लांटची धूळ झाडांवर, छपरांवर बसलेली असते. पहिले पंधरा दिवस ती धुऊन निघते आणि नालीतून विटेच्या रंगाचं पाणी वाहतं. पांढरी साडी दोरीवर टाकायची सोय नाही. घरात वाळत घालावी तर तिला कोळशाचा वास लागतो. पावसाळ्यात तो वास वर जात नाही, खालीच राहतो, जमिनीलगत, पायात घोटाळणाऱ्या मांजरासारखा.

हे मी आजचं सांगते आहे की तेव्हाचं, ते मलाच नीट कळत नाही. आषाढ आला की माझे हे दोन पावसाळे एकमेकांत मिसळतात.

तेव्हाचा म्हणजे छत्तीसगढ वेगळं होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाचा. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली होती. मुलगा मिलिंदही नागपुरातच, होस्टेलवर. क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच. मिलिंदचा बाप प्लांटमध्ये कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर होता. तिथे भट्टीचं दार उघडलं की समोरच्या माणसाच्या भुवया करपतात. शिफ्ट सुटली की माणसं तोंडाने श्वास घेत बाहेर यायची आणि सरळ दारूकडे जायची. तो वाईट माणूस नव्हता. मारत नव्हता, ओरडत नव्हता. पीत होता. सकाळी शर्टाची बटणं लावायची तर आधी घोटभर पोटात जावी लागे, नाही तर बोटांना काज सापडत नसे. ड्युटीवर दोनदा पकडला गेला होता. तिसऱ्यांदा घरीच बसवतील, असं साहेबाने सांगून ठेवलं होतं.

आणि मी महिला मंडळाची सेक्रेटरी. त्याच उन्हाळ्यात आम्ही वीस-पंचवीस बायांनी मोर्चा काढून नाल्यापलीकडच्या बिसाहिनच्या हंड्या फोडल्या होत्या. बिसाहिन इथलीच, छत्तीसगढी बाई. मोहाची दारू गाळून विकायची. हंड्या फुटल्या, भिजवलेली मोहफुलं चिखलात सांडली, सगळ्या वस्तीभर तो गोड, सडका वास पसरला. बिसाहिन रडली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "पहिली अपन घर ल देख, दीदी."

ते लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं.

म्हणून आषाढी पौर्णिमेला मी नवऱ्याला विहारात उभं केलं. पाचवं शील त्याने मोठ्याने घेतलं, मद्यापासून दूर राहीन. लोकांनी 'साधू, साधू' म्हणत साधुकार दिला. शील त्याने घेतलं, पण घ्यायला लावलं मी, हे लिहून ठेवते. घरी आल्यावर मी बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या आणि मागच्या खोलीला कुलूप लावलं. तो आत. ड्युटीला आठ दिवसांची रजा टाकली होती.

पहिल्या दिवशी घाम. दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या, आणि हातपाय असे थरथरत की खाटेचे पाय फरशीवर वाजत. मी दाराबाहेरून सांगत होते, धीर धर, दोन दिवसांचा प्रश्न आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी तो ओरडायला लागला, "दार लाव, दार लाव." दार तर लावलेलंच होतं. कुलूप काढून आत गेले तर तो भिंतीच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसलेला. त्याला खोलीत भट्टीचं दार उघडं दिसत होतं. समोरच्या भिंतीतून आग येत होती. माझी साडी पेटली म्हणून तो माझ्या अंगावर थपडा मारत होता. विझवत होता मला. अंग तव्यासारखं तापलेलं.

दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं. नेलं नाही. दवाखान्यात सगळे ओळखीचे. तीन दिवसांपूर्वी साधुकार देणारे तिथेच वॉर्डात ड्युटीला. लाज वाटली. माणूस जातो की राहतो अशा वेळेला मला लाज वाटली, हे मला आता कोणी दुसऱ्याचं म्हणून सांगितलं तर मी त्या बाईला मूर्ख म्हणेन.

मी टिफिनचा डबा उचलला आणि भर पावसात नाला ओलांडून बिसाहिनकडे गेले.

ती चुलीपाशी बसली होती. नव्या हंड्या मांडून झाल्या होत्या. मला बघून उठली नाही. "काली मोर हंडी फोरे बर आए रहे," ती म्हणाली, "आज डब्बा धर के आए हस." काल हंडी फोडायला आली होतीस, आज डबा घेऊन आलीस. मी डबा पुढे केला. माझ्या तोंडाकडे बघून तिने विचारलं, किती दिवस झाले बंद करून. मी सांगितलं, तीन. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "एके घांव म छोड़वाबे त मर जही. थोरिक-थोरिक कम कर." एकदम सोडवशील तर मरेल, थोडी थोडी कमी कर. तिच्या बापाचं तसंच झालं होतं, जेलमध्ये. ते तिने आटा मळण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं.

त्या दिवसापासून ते पार आश्विन येईपर्यंत मी रोज दुपारी तिच्याकडे गेले. वर्षावास एकीकडे चालू होता आणि हे एकीकडे. मोजून द्यायची म्हणजे आधी तिची ताकद कळायला पाहिजे. पहिल्या धारेची वेगळी, नंतरची वेगळी, आणि पावसाळ्यात साठवणीचं मोह ओलं झालं तर अजून वेगळी. चार थेंब निखाऱ्यावर टाकून निळी ज्योत कशी बघायची ते बिसाहिनने शिकवलं. पण निखाऱ्यापेक्षा जीभ बरी, असं तिचं म्हणणं. जिभेवर ठेव, गिळू नको, मागे ने, थुंक. पहिल्या धारेची जिभेच्या टोकालाच चावते. पाणी घातलेली मागे जाऊन फिकी पडते. हंडी नीट धुतलेली नसली तर अगदी मुळाशी आंबट लागते. "तोर जीभ बने हे, दीदी," ती म्हणायची. तुझी जीभ चांगली आहे. "मोर संग धंधा कर." आणि हसायची. पुढचे दोन दात नव्हते तिला.

दुपारी ती चव. मग मिठाच्या पाण्याने चूळ, बडीशेप, पांढरी साडी, आणि संध्याकाळी त्याच जिभेने ग्रंथाचं वाचन. जिभेवर ठेवलं म्हणजे शील मोडलं का, हे मी कोणालाच विचारलं नाही. विचारायचं म्हणजे सांगावं लागलं असतं. घरात जो रोज पीत होता त्याने शील घेतलेलं, आणि त्याच्या हातात रोज ठेवत होते मी. मोडलं असेल तर दोघांचं मोडलं. पाऊस पत्र्यांवर वाजायचा, मी थांबायचे, बाया माझ्याकडे आदराने बघायच्या. मिलिंदच्या आईने नवरा सुधारला. मला त्या नजरा स्वस्थ बसू द्यायच्या नाहीत.

तो कमी कमी होत गेला. दर आठवड्याला जरा कमी. दोनदा त्याने जास्त मागितली, एकदा हात उगारला आणि उगारलेला हात तसाच बघत बसला. पण माप मी सोडलं नाही. आश्विन लागेपर्यंत औषधाच्या झाकणाएवढी राहिली, आणि मग एका दुपारी त्यानेच मानेने नको म्हटलं. खरंच सुटली. मेला तोवर पुन्हा शिवला नाही. तेवढं खोटं नाही.

आश्विन पौर्णिमेला विहारात त्याचा सत्कार झाला. हार, शाल, खीर. अध्यक्ष माइकवर म्हणाले, या आमच्या भावाने एका दिवसात, शीलाच्या बळावर, बाटली फेकली. टाळ्या. तो माझ्याकडे बघत होता. मी खिरीत बघत होते.

आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. गंमत अशी की पुढे त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. कोणी नवीन माणूस भेटला की म्हणायचा, "एका दिवसात सोडली, बापा. मन पाहिजे." मी तिथेच चहा गाळत असायचे. पहिल्या वर्षी तो हे म्हणताना माझी नजर चुकवायचा. चार वर्षांनी चुकवेनासा झाला. सहा वर्षांपूर्वी फुप्फुसांनी गेला, तेव्हा श्रद्धांजलीतही तेच वाक्य. आणि तो गेल्यावर ते मिलिंदने उचललं. मिलिंद आता रेल्वेत आहे, दुर्गला. विहाराचा सचिव. दर आषाढी पौर्णिमेला माइकवर बापाची गोष्ट सांगतो. छान सांगतो. सांगता सांगता ती इतकी गुळगुळीत झाली आहे की तिला धरायला कुठे कोपराच उरला नाही.

मैत्रीला मी त्या शेडच्या पायरीवर बसून हे सगळं सांगितलं. तिने ग्लास खाली ठेवला होता. माझ्या मुलाला, म्हणजे तिच्या मामाला, तिची ही नोकरी पसंत नाही. घराण्याचं नाव घालवलं म्हणतो. त्यामुळे मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही.

"आजी, वो बाई सही थी," ती म्हणाली. "एकदम से बंद करना डेंजरस होता है. बहुत पीने वाला असेल तर झटके येतात. माणूस जातो. आम्हाला शिकवलं आहे. आता तर हॉस्पिटलमध्ये त्याची दवाई मिळते, भरती करून हळूहळू सोडवतात." मग थोडं थांबून, "प्रफुलमामाला माहीत आहे का हे?"

तेच तर होतं. चार दिवसांनी प्रफुल शील घेणार होता.

प्रफुल माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बेचाळीस वर्षांचा, रसमड्याला एका कारखान्यात क्रेन चालवायचा. चालवायचा म्हणते, कारण महिन्यापासून त्याला वर चढू देत नव्हते. उठल्याबरोबर पव्वा लागायचा. बहीण नाही आता, त्यामुळे त्याच्या बायकोने, सुनीताने, मिलिंदचे पाय धरले. मिलिंदने ठरवलं होतं. पौर्णिमेला विहारात शील, आणि तिथून सरळ कोहक्याला त्यांच्या घरी मागच्या खोलीत आठ दिवस. कुलूप आणलेलं होतं. मी ते बघितलं होतं. पिवळं, नवं, पुठ्ठ्यावर बांधलेलं. बघून मी आठ दिवस गप्प बसले होते. डाळ निवडत होते, टीव्ही बघत होते.

आता एक गोष्ट, जी मी आतापर्यंत लिहिली नाही. मुद्दाम नाही लिहिली. त्या आश्विनातल्या सत्कारानंतर पुढच्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या विमलचा नवरा गेला. तोही प्लांटमध्ये, तोही तसाच पिणारा. आमच्या घरचं बघून त्याने ठरवलं, आपणही एका दिवसात सोडायची. स्वतःहून खोलीत जाऊन बसला, आणि बायकोला म्हणाला, बाहेरून लाव. चौथ्या दिवशी गेला. लोक म्हणाले, हृदय कमजोर होतं. मीही म्हटलं. विमलला दोन्ही हातांनी धरून मी म्हटलं, "त्याचं हृदयच कमजोर होतं वो." मला ठाऊक होतं काय झालं ते. बिसाहिनने मला सांगितलेलं, विमलला कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगू शकणारी गल्लीत एकच बाई होती.

वीस वर्षं मी त्या बाईच्या शेजारी सतरंजीवर बसून पुस्तक वाचते आहे. पाने फिरवायला ती मदत करते. माझा चष्मा पुसून देते.

शेतावरून मैत्रीने मला सरळ कोहक्याला सोडलं. मिलिंद तिथेच होता, मागच्या खोलीतून सामान काढत होता. कपाट, सिलेंडर, आरसा. लागेल असं काही आत नको म्हणून. प्रफुल खाटेवर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. थरथर दिसू नये म्हणून माणसं तसं करतात.

"माय, तू कावून आली उन्हाची?" मिलिंद म्हणाला. ऊन नव्हतं. त्याच्याकडे दुसरं वाक्य नव्हतं.

"बस खाली," मी म्हटलं. "तुह्या बापाची गोष्ट खोटी आहे."

उभ्या उभ्याच सांगितलं. तिसरा दिवस, भिंतीतली आग, टिफिनचा डबा, बिसाहिन. सुनीता दाराची चौकट धरून उभी होती. मिलिंदच्या हातात आरसा होता, तो त्याने खाली ठेवला नाही. माझं बोलणं संपलं तेव्हा त्या आरशात छताचा पंखा फिरत होता आणि मी तिकडेच बघत होते.

"बाबाले माहीत होतं?" त्याने विचारलं.

"पिणारा तो होता. त्याले माहीत नसन?"

"मग इतके वर्ष मी माइकवर काय सांगून राहिलो?"

"तुले जे सांगितलं ते."

प्रफुल हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा, कारण लगेच खोकला आला. "मावशी," तो म्हणाला, "तू तं बडी निघाली. म्हणजे काकाही आपल्यातलेच."

"दात काढू नको," मी म्हटलं. "तुले आत कोंडणार नाही, एवढंच. दवाखान्यात जायचं. आजच."

"दवाखान्यात लोक काय म्हणतीन?" सुनीता म्हणाली. अगदी माझंच वाक्य. माझ्या तोंडून ते वीस वर्षांपूर्वी निघालं असतं तर असंच निघालं असतं, असंच खालच्या आवाजात.

"म्हणू दे. मेला तं जास्त म्हणतीन."

मिलिंदने आरसा भिंतीला टेकवला आणि गाडी काढली. प्रफुलला भरती केलं. डॉक्टरने कधीपासून पितो, दिवसाला किती, शेवटची कधी घेतली, असं सगळं विचारलं आणि लिहून घेतलं. बाई, बरं झालं असंच बंद नाही केलं, असं सुनीताला म्हणाला. मिलिंद ते ऐकत होता. त्याने मान खाली घातली आणि नुसता बुटाकडे बघत राहिला. त्या वेळी तो थेट बापासारखा दिसत होता, पण ते मी त्याला सांगितलं नाही. आठ दिवस झाले, हुडको वस्तीतल्या आमच्या घरात तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. जेवण झालं, गोळी घेतली का, एवढंच. पौर्णिमेला तो माइकवर उभा राहिला, सूचना दिल्या, बसला. बापाची गोष्ट यंदा झाली नाही. दोन-तीन जणांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं.

प्रफुल अजून वॉर्डात आहे. काल स्वतःच्या हाताने पोहे खाल्ले म्हणे. सुटेल की नाही ते मला माहीत नाही. अशी सुटलेली आणि पुन्हा लागलेली मी खूप बघितली आहेत. मैत्रीने त्या टाकीतलं सगळं ओतून दिलं, फोनवर सांगत होती. पाइपचा एक जोड खोलून बघितला तर आत मळी साचलेली निघाली. "आजी, तुझी जीभ मशीन आहे," म्हणाली. मला त्या कौतुकाचं काय करायचं ते कळत नाही. ती जी बनवते ते पाण्यासारखं हलकं आहे, शिकलेली माणसं शनिवारी एक-एक ग्लास घेऊन घरी जातील. त्यात आणि बिसाहिनच्या हंडीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, असं मैत्री म्हणते. असेल. माझ्या जिभेला तो फरक जिभेच्या टोकावर कळतो. मागे, मुळाशी, दोन्ही एकाच ठिकाणी जाऊन बसतात.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी विमलकडे गेले होते. तिला हे बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून. कोहक्याची गोष्ट हुडकोत यायला किती वेळ लागतो. ती वर्षावासाची साडी इस्त्री करत होती. मी खुर्चीवर बसले नाही. तिला सांगितलं, तसंच, उभ्या उभ्या. सगळं. हृदय कमजोर होतं असं मी म्हटलं होतं, तेही.

ती इस्त्री फिरवत राहिली. साडी पूर्ण झाली, घडी घातली, दुसरी घेतली. मग इस्त्री बंद केली.

"चौथ्या दिवशी सकाळी तो एक घोट मागे," ती म्हणाली. "दाराच्या फटीतून बोटं काढे. म्हणे, विमल, एकच. मी म्हणत होती, मिलिंदच्या बाबाकडे पाहा, त्याहिनं कशी सोडली. तेच म्हणत होती मी. मोठ्यानं म्हणत होती, त्याले हिंमत यावी म्हणून."

बोलायचं ते मी वीस वर्षांपूर्वी बोलायला पाहिजे होतं.

"तू किती देत जाय?" तिने विचारलं. "सुरवातीले."

मी माझा उजवा हात आडवा धरला. चार बोटं एकमेकांना चिकटवून. ग्लासात सकाळी एवढी आणि संध्याकाळी एवढी.

विमल जवळ आली. माझ्या त्या बोटांकडे बघत राहिली, माप घ्यावं तशी, करंगळीपासून पहिल्या बोटापर्यंत.

"बस?" ती म्हणाली. "इतकीच?"